'मी' कोणाचा? : व्लादिमीर व्हिसोत्स्कीची गीते, अभिनय आणि संहितेचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रशियन वाङ्मयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे एक अडचण उभी राहते. त्या काळात सोव्हिएत संघातील असंख्य लोकांच्या ओठी ज्याची कविता होती, त्या व्लादिमीर व्हिसोत्स्कीचा एकही कवितासंग्रह त्याच्या हयातीत मायदेशी प्रसिद्ध झाला नाही. तो लेखकसंघाचा सभासद नव्हता. शासनदप्तरी त्याची ओळख नाट्यसंस्थेतील एक नट एवढीच होती. त्याने सहाशेहून अधिक गीते रचली, ती स्वतःच्या गिटारीवर गायिली आणि ती श्रोत्यांनी ध्वनिफितींवर उतरवून घेतली. त्याला कवी म्हणावे, गायक म्हणावे की नट म्हणावे, हा प्रश्न त्याच्या समकालीनांना पडला होता व आजही तो पुरता सुटलेला नाही.

प्रस्तुत लेखात व्हिसोत्स्कीच्या जीवनाचा व कलाव्यापाराचा परिचय करून देताना एका मर्यादित मुद्द्याचा विचार करावयाचा आहे. त्याच्या बहुसंख्य गीतांत बोलणारा 'मी' हा कवीचा 'मी' नाही. तो कधी तुरुंगातील कैदी असतो, कधी रणांगणावरील सैनिक, कधी लांडगा, तर कधी लढाऊ विमान. नटाची परकायाप्रवेशाची वृत्ती हीच येथे काव्यरचनेचे तत्त्व बनली आहे. हे तत्त्व ध्यानात न घेतल्यामुळे त्याच्या चाहत्यांनी आणि त्याच्या विरोधकांनी त्याला एकाच पद्धतीने चुकीचे वाचले, असे म्हणता येईल.

१. जीवनक्रम

व्हिसोत्स्कीचा जन्म २५ जानेवारी १९३८ रोजी मॉस्को येथे झाला. वडील सैन्याच्या संदेशवहन दलात अधिकारी होते, तर आई जर्मन भाषेची जाणकार होती. १९४१मध्ये जर्मनीने आक्रमण केले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. युद्धाची सुरुवातीची वर्षे त्याने आईसमवेत मॉस्कोपासून दूर, ओरेनबुर्ग प्रांतात काढली. युद्धानंतर आईवडील विभक्त झाले. १९४७ ते १९४९ ह्या काळात तो वडील व सावत्र आई यांच्यासोबत जर्मनीतील सोव्हिएत अंमलाखालील एबर्सवाल्डे ह्या गावी राहिला. पुढे मॉस्कोतील बोल्शोय कारेत्नी ह्या गल्लीत त्याचे वास्तव्य होते. त्या गल्लीचे नाव त्याच्या १९६२मधील एका गीतामुळे सर्वतोमुखी झाले.

घरच्यांच्या इच्छेनुसार १९५५मध्ये त्याने स्थापत्य अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, पण पहिल्या सत्रानंतर तो बाहेर पडला. १९५६मध्ये तो मॉस्को आर्ट थिएटरच्या नाट्यविद्यालयात दाखल झाला आणि १९६०मध्ये तेथून पदवीधर झाला. ह्या विद्यालयात रशियन साहित्य शिकविणाऱ्यांमध्ये अन्द्रेय सिन्याव्हस्की हे नाव आहे. त्याचा संदर्भ पुढे येणार असल्याने त्याची येथे नोंद करून ठेवणे आवश्यक आहे.

प्रारंभीची काही वर्षे किरकोळ भूमिकांत गेली. १९६४मध्ये युरी ल्युबिमोव्ह ह्या दिग्दर्शकाने ब्रेख्तच्या 'सेत्झुआनची भली बाई' ह्या नाटकाने तागान्का नाट्यगृहाला नवे रूप दिले. त्याच वर्षी व्हिसोत्स्की तागान्कात आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. ब्रेख्तच्या नाटकातील गॅलिलिओ (१९६६), येसेनिनच्या 'पुगाचोव्ह' ह्या नाट्यकाव्यातील ख्लोपुशा (१९६७), हॅम्लेट (१९७१), चेकॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड'मधील लोपाखिन (१९७५) आणि दस्तयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'मधील स्विद्रिगायलोव्ह (१९७९) ह्या त्याच्या प्रमुख रंगभूमिका होत.

चित्रपटातील त्याचा प्रवास अधिक खडतर होता. १९६७च्या 'व्हर्टिकल' ह्या गिर्यारोहणावरील चित्रपटातील गीतांनी त्याला देशभर नाव मिळाले. मात्र त्याच सुमारास काम केलेला 'इंटरव्हेन्शन' हा चित्रपट प्रदर्शनावाचून पडून राहिला व १९८७मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, लोकांपुढे आला. १९७५मधील रॉबिन हूडवरील चित्रपटातून त्याची गीते वगळण्यात आली. स्तानिस्लाव गोवोरूखिन दिग्दर्शित 'भेटीची जागा बदलता येणार नाही' ह्या १९७९च्या पाच भागांच्या दूरचित्रवाणीपटातील ग्लेब झेग्लोव्ह ह्या पोलीस अधिकाऱ्याची भूमिका ही त्याची सर्वांत लोकप्रिय भूमिका ठरली. आयुष्याच्या आरंभी गुन्हेगारांची गाणी गाणाऱ्या नटाने अखेरीस गुन्हेगारांचा कठोर पाठलाग करणाऱ्या अधिकाऱ्याची भूमिका करावी आणि प्रेक्षकांनी दोन्ही तितक्याच विश्वासाने स्वीकारावे, हे त्याच्या अभिनयशक्तीचे गमक मानता येईल.

१ डिसेंबर १९७० रोजी त्याने मारिना व्लादी ह्या रशियन वंशाच्या फ्रेंच अभिनेत्रीशी विवाह केला. १९७३पासून त्याला परदेशप्रवासाची परवानगी मिळू लागली. मद्याचे व पुढे अमली पदार्थांचे व्यसन मात्र त्याला ग्रासत गेले. २५ जुलै १९८० रोजी, मॉस्कोत ऑलिंपिक सामने चालू असताना, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. वृत्तपत्रांत आलेली बातमी त्रोटक होती. तरीही २८ जुलै रोजी तागान्का नाट्यगृहाबाहेर हजारोंचा समुदाय लोटला. व्हागान्कोव्हो दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली.

२. ध्वनिफितीचे माध्यम

व्हिसोत्स्कीच्या काव्याचा प्रसार कसा झाला, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे स्वरूप ध्यानात येत नाही. स्टालिनच्या मृत्यूनंतर (१९५३) छावण्यांतील बंदिवान मोठ्या संख्येने शहरांत परतले. त्यांच्यासोबत त्यांची गाणीही आली. सुशिक्षित तरुणवर्गात ही गाणी आवडीने म्हटली जाऊ लागली. ह्याच काळात घरगुती वापराचे टेपरेकॉर्डर सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले होते. मुद्रणयंत्रावर शासनाची देखरेख होती, पण घरातल्या टेपरेकॉर्डरवर तशी देखरेख ठेवणे शक्य नव्हते. एका फितीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा प्रती निघत. हस्तलिखितांच्या गुप्त प्रसाराला 'समिझदात' म्हणत; त्याच धर्तीवर ह्या ध्वनिमुद्रित प्रसाराला 'मग्नितिझदात' हे नाव पडले.

बुलात ओकुद्झावा, अलेक्सान्द्र गालिच आणि व्हिसोत्स्की ही ह्या परंपरेतील तीन प्रमुख नावे होत. तिला 'बार्ड' कवींची परंपरा म्हणण्याचा प्रघात आहे. ह्या शब्दाचे भाषांतर 'शाहीर' असे करण्याचा मोह मराठी अभ्यासकास होईल, परंतु तो टाळणे इष्ट. शाहिरी काव्य फडापुढे, साथीदारांसह सादर होते. येथे एक माणूस, एक गिटार आणि खोलीभर श्रोते एवढाच सरंजाम असे. स्वतः व्हिसोत्स्कीला 'बार्ड' हे बिरूद मान्य नव्हते. 'लेखकाचे गीत' ही संज्ञा तो पसंत करी. शब्द, चाल आणि गायन ही तिन्ही एकाच व्यक्तीची, आणि त्यांत शब्द प्रधान, असा तिचा आशय आहे. गिटार हे त्याच्या दृष्टीने कवितेचा ताल धरण्याचे साधन होते.

त्याचे कार्यक्रम संशोधनसंस्था, कारखाने व विद्यापीठे यांच्या सभागृहांत होत. 'नटाशी भेट' असे त्यांचे अधिकृत रूप असे. शासनाने त्याला तुरुंगात टाकले नाही, देशाबाहेरही घालवले नाही. 'मेलोदिया' ह्या सरकारी कंपनीने त्याच्या काही छोट्या तबकड्या काढल्या. १९७६मध्ये निघालेल्या 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'च्या मुलांसाठीच्या ध्वनिनाट्यातील गीतेही त्याचीच होती. गंभीर कवी म्हणून त्याला मान्यता द्यावयास मात्र कोणी तयार नव्हते. १९७५च्या 'काव्यदिन' ह्या वार्षिकात त्याची एक कविता, तीही काटछाट करून, छापली गेली. १९७९मध्ये काही लेखकांनी परिनिरीक्षकाची परवानगी न घेता सिद्ध केलेल्या 'मेत्रोपोल' ह्या संग्रहात त्याच्या कविता होत्या, पण त्याच्या जेमतेम बारा प्रती निघाल्या. बंडखोर म्हणून बहिष्कृत नाही आणि कवी म्हणून स्वीकृतही नाही, अशी ही मधली अवस्था त्याला आयुष्यभर भोगावी लागली.

३. गीतातील 'मी'

व्हिसोत्स्कीने १९६१च्या सुमारास गीतरचना सुरू केली. 'गोंदण' हे गीत तो आपले पहिले गीत मानी. ह्या काळातील गीतांचे निवेदक चोर, कैदी, गल्लीतील दादा असे आहेत. त्यानंतर युद्धगीते आली: 'सामूहिक कबरी' (१९६४), शिक्षा झालेल्या सैनिकांच्या तुकडीवरील गीत (१९६४), 'तो लढाईवरून परतला नाही' (१९६९). ह्यांतील शेवटच्या गीतात निवेदक आपल्या पडलेल्या सोबत्याविषयी बोलतो. सोबती हयात असताना दोघांचे पटत नसे, तो भलत्या वेळी गप्प राही, झोपू देत नसे. आता सर्वत्र शांतता आहे आणि निवेदकाला वाटू लागते की, न परतलेला आपणच आहोत. शोकाची ही अभिव्यक्ती स्तुतीच्या वाटेने न जाता कुरबुरीच्या वाटेने जाते. बोलणारा माणूस साधा शिपाई आहे, हे त्याच्या वाक्यांच्या ठेवणीवरूनच कळते.

ही गीते ऐकून अनेक माजी सैनिकांनी त्याला पत्रे लिहिली. आपण अमुक तुकडीत एकत्र होतो, तो तूच का, असे ते विचारीत. कैद्यांना तो आपल्याच छावणीतला वाटे, गिर्यारोहकांना आपल्यातला, खलाशांना आपल्यातला. वस्तुतः तो छावणीत कधी गेला नव्हता आणि युद्ध संपले तेव्हा सात वर्षांचा होता. ओकुद्झावा स्वतः आघाडीवर लढलेला होता. व्हिसोत्स्कीपाशी अशी स्वानुभवाची पुंजी नव्हती. तो आपल्या कार्यक्रमांत हा खुलासा वारंवार करी. आपण नट आहोत, दुसऱ्याच्या भूमिकेत शिरण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून प्रथमपुरुषी लिहिणे आपल्याला सोपे जाते, असा त्या खुलाशाचा आशय असे. तरीही पत्रे येतच राहिली.

चाहत्यांची ही चूक प्रेमातून झाली होती. हीच चूक सत्तेच्या हाती गेली म्हणजे तिचे परिणाम कसे होतात, हे सिन्याव्हस्कीच्या खटल्यात दिसले. आपले कथासाहित्य टोपणनावाने परदेशात प्रसिद्ध केल्याबद्दल सिन्याव्हस्की व युली दानिएल ह्या लेखकांना १९६५मध्ये अटक झाली. फेब्रुवारी १९६६मध्ये त्यांच्यावर खटला चालला. अभियोगपक्षाने त्यांच्या पात्रांच्या तोंडची वाक्ये लेखकांची स्वतःची सोव्हिएतविरोधी मते म्हणून पुढे केली. पात्राचे बोलणे हे लेखकाचे मत नव्हे, हा साहित्यविचारातील प्राथमिक भेद सिन्याव्हस्कीला न्यायालयात समजावून सांगावा लागला. त्याला सात वर्षांची व दानिएलला पाच वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. 'निवेदक' व 'लेखक' ही आपल्या वर्गांत परीक्षेपुरती शिकवली जाणारी जोडी. तिच्यावर येथे माणसांच्या आयुष्यातील वर्षे अवलंबून होती.

दोनच वर्षांनी सिन्याव्हस्कीच्या ह्या माजी विद्यार्थ्यावर तोच आरोप निराळ्या रूपात आला. ९ जून १९६८ रोजी 'सोव्हेत्स्काया रोस्सिया' ह्या दैनिकात 'व्हिसोत्स्की काय गातो?' अशा आशयाच्या मथळ्याचा लेख प्रसिद्ध झाला. हा गायक मद्यपी, शिक्षा झालेले सैनिक व गुन्हेगार यांच्या वतीने गातो, असा त्याच्यावर ठपका ठेवण्यात आला. तो अशा माणसांच्या तोंडून बोलतो, हे लेखकाचे निरीक्षण बरोबरच होते. पण एखाद्याच्या तोंडून बोलणे म्हणजे त्याची वकिली करणे, हा त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. ह्या लेखात दुसऱ्या कवीच्या ओळीही व्हिसोत्स्कीच्या नावावर घातल्या होत्या. 'मी' कोणाचा हे न पाहणाऱ्याला गीत कोणाचे हेही पाहण्याची गरज वाटली नाही.

त्याच वर्षी व्हिसोत्स्कीने दोन महत्त्वाची गीते रचली. 'लांडग्यांची शिकार' ह्या गीतात बोलणारा लांडगा आहे. रशियात शिकारी दोऱ्यांना तांबडी निशाणे बांधून रान वेढतात. लांडगा ती ओलांडीत नाही आणि बंदुकांच्या टप्प्यात येतो. गीतातील लांडगा विचार करतो की, ही मनाई आपल्यात आईच्या दुधासोबत भिनली आहे. आणि तो निशाणे ओलांडून निसटतो. श्रोत्यांना त्याचा रोख समजावून सांगण्याची गरज नव्हती. 'लढाऊ विमानाचे गीत' याहून धाडसी आहे. त्यात खुद्द विमान बोलते, आणि आपल्या पोटात बसून आपल्याला हुकूम सोडणाऱ्या वैमानिकावर चरफडते. शेवटी वैमानिक मरतो, विमान मोकळे होते आणि तीच त्याची अखेरची घटका ठरते. येथे 'मी' कोणते, बसणारा की वाहणारा, हाच गीताचा विषय झाला आहे.

पुढील काळात एका गीतात एकाहून अधिक आवाज येऊ लागले. 'दूरचित्रवाणीसमोरचा संवाद' (१९७३) ह्यात सर्कस पाहत बसलेले कामगार जोडपे भांडते आणि दोघांचेही बोल व्हिसोत्स्की स्वर बदलून म्हणतो. १९७७च्या एका गीतात मनोरुग्णालयातील रुग्ण बर्म्युडा त्रिकोणाविषयी दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाला पत्र लिहितात. ही गीते म्हणजे तीनचार मिनिटांची नाटके आहेत, आणि विनोदाच्या आवरणाखाली त्यांत त्या समाजाचे रोजचे जिणे नोंदले गेले आहे.

४. हॅम्लेट : तीन कलांचा संगम

नट, गायक आणि कवी ही तीन रूपे एकाच ठिकाणी पाहावयाची असतील तर तागान्काच्या 'हॅम्लेट'कडे वळावे लागते. हे नाटक २९ नोव्हेंबर १९७१ रोजी रंगमंचावर आले. पास्तरनाकचे भाषांतर वापरले होते. दाव्हिद बोरोव्हस्की ह्या नेपथ्यकाराने जाड लोकरीचा एक प्रचंड पडदा योजला होता. तो रंगमंचभर सरकत राही, पात्रांना आडोसा देई आणि त्यांना लोटूनही देई. रंगमंचाच्या पुढच्या बाजूस खऱ्या मातीची कबर होती. प्रेक्षक आत येत तेव्हाच काळा स्वेटर घातलेला व्हिसोत्स्की मागच्या भिंतीशी गिटार घेऊन बसलेला असे. मग तो पुढे येई व पास्तरनाकची 'हॅम्लेट' ही कविता गाई.

ही कविता 'डॉक्टर झिवागो' ह्या कादंबरीच्या अखेरीस जोडलेल्या कवितांपैकी पहिली होय. ती कादंबरी १९५७मध्ये इटलीत प्रसिद्ध झाली होती. सोव्हिएत संघात ती १९८८पर्यंत छापली गेली नाही. त्यामुळे ती कविता रंगमंचावरून ऐकू येणे हीच एक घटना होती. परंतु आपल्या दृष्टीने त्या कवितेची रचना अधिक महत्त्वाची आहे. तिच्यातील 'मी' हा रंगमंचावर पाऊल टाकणारा नट आहे, तो हॅम्लेटही आहे, आणि पुढ्यात आलेला प्याला टळावा अशी प्रार्थना करणारा ख्रिस्तही आहे. कादंबरीत ती झिवागो ह्या पात्राची कविता आहे आणि झिवागोमागे पास्तरनाक उभा आहे. व्हिसोत्स्की ती गाई तेव्हा ह्या साखळीला आणखी एक कडी जोडली जाई. कवी म्हणून मान्यता नसलेला नट मायदेशी बंदी असलेल्या कादंबरीतील शब्द गात असे. ह्या साऱ्यांत बोलणारा नेमका कोण, हे ठरविता येत नाही आणि ठरविण्याची गरजही राहत नाही. हा प्रयोग व्हिसोत्स्कीने दोनशेहून अधिक वेळा केला. शेवटचा प्रयोग १८ जुलै १९८० रोजी, मृत्यूपूर्वी आठवडाभर आधी झाला.

५. मुद्रित संहितेचा प्रश्न

मृत्यूनंतर चित्र झपाट्याने पालटले. १९८१मध्ये कवी रोबेर्त रोझ्देस्त्व्हेन्स्की याने संपादित केलेला 'नेर्व्ह' हा संग्रह निघाला. १९८७मध्ये त्याला मरणोत्तर राज्य पारितोषिक देण्यात आले. त्याच वर्षापासून 'मेलोदिया'ने त्याच्या कार्यक्रमांच्या एकवीस तबकड्यांची मालिका काढण्यास प्रारंभ केला. १९९०च्या सुमारास अन्द्रेय क्रिलोव्ह याने संपादित केलेली द्विखंडात्मक आवृत्ती आली आणि संहितानिश्चितीच्या कामाला शास्त्रीय बैठक लाभली.

ह्या संपादकांपुढचे काम सोपे नव्हते. एकेका गीताची अनेक ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत आणि कवी दर वेळी शब्द बदलीत असे, कडवी गाळीत वा घालीत असे. 'मला आवडत नाही' ह्या गीताचे उदाहरण बोलके आहे. सुरुवातीच्या गायनात क्रूसावरील ख्रिस्ताविषयी अनुकंपा नाकारणारी एक ओळ होती. पुढे त्याच जागी अनुकंपा व्यक्त करणारी ओळ आली. दोन-तीन शब्द बदलले आणि अर्थ नेमका उलटा झाला. अशा वेळी संपादकाने अखेरचे गायन प्रमाण मानावे, की सर्वाधिक वेळा गायिलेले रूप घ्यावे, की दोन्ही पाठ शेजारीशेजारी ठेवावेत? हस्तलिखित हे कवीचे अंतिम मत असते, हे गृहीत येथे चालत नाही. हस्तलिखित हा मसुदा आहे. कविता पूर्ण होते ती गायनात.

शिवाय छापील पानावर आवाज येत नाही. व्हिसोत्स्कीचा घोगरा, ताणलेला स्वर हा त्याच्या काव्याचा अलंकार नसून घटक आहे. गायक सामान्यतः स्वर लांबवतात. व्हिसोत्स्की 'र', 'ल', 'न' अशी व्यंजने लांबवी. 'लहरी घोडे' (१९७२) ह्या गीतात कड्याच्या काठाने घोडे हाकणारा निवेदक एकीकडे चाबूक मारतो आणि दुसरीकडे जरा सावकाश चला म्हणून विनवितो. हा अंतर्विरोध मुद्रित शब्दांतही कळतो, पण ओढून धरलेल्या व्यंजनांतून लगाम खेचल्याचा जो प्रत्यय येतो तो केवळ श्रवणातच मिळतो.

समारोप

व्हिसोत्स्कीच्या अभ्यासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, गायिलेल्या काव्याची संहिता एक नसून अनेक असते आणि तिचे अनेकत्व हा दोष मानण्याचे कारण नाही. दुसरी, अशा काव्यात सादरीकरण हे काव्यबाह्य नसते. नटाचे कसब हेच येथे कवीचे कसब आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. प्रथमपुरुषी बोलणे ऐकले की त्यामागे चरित्र शोधण्याची आपली सवय फार जुनी आहे. ह्याच सवयीपोटी सैनिकांनी व्हिसोत्स्कीत आपला सोबती पाहिला आणि वृत्तपत्राने गुन्हेगारांचा कैवारी पाहिला. सिन्याव्हस्कीच्या बाबतीत तर तिचा शेवट सक्तमजुरीत झाला.

म्हणून व्हिसोत्स्कीचे गीत वर्गात शिकवताना 'हा कोण बोलतो आहे?' ह्या प्रश्नाने सुरुवात करणे योग्य होईल. त्याचे उत्तर दर गीतागणिक वेगळे येईल. ज्या समाजात एकाच आवाजाला अधिकृत मान्यता होती, तेथे एका नटाने चोर, शिपाई, वेडे आणि लांडगे यांना आपला कंठ दिला. त्याचे मोल ह्या अनेक उत्तरांत आहे.